दोन नंबरच्या कॅमेऱ्याने पाहिलेले

मित्रांनो, मी एक म्हातारा, आतून पोकळ झालेला कॅमेरा आहे. तुमच्या मोबाइलमध्ये असतो तसला नव्हे. मी उभा राहिलो की मोठ्या माणसाच्या छातीला लागतो, आणि मला जागचा हलवायचा तर दोन्ही पाय रोवून ढकलावे लागते. माझ्या डोक्यावर एक लाल दिवा आहे. पूर्वी तो पेटला की सगळा स्टुडिओ श्वास रोखून धरायचा, कारण मी जे बघत असे तेच त्या क्षणी लाखो घरांत दिसत असे. आता तो पेटत नाही. पण मी काय काय पाहिले ते मला नीट आठवते. त्यातली एक गोष्ट तीस वर्षे दोन माणसांनी आणि मी पोटात ठेवली होती. तीच आज सांगतो.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. पांढरे डगले घातलेल्या बायका चिमट्यांनी केसाएवढ्या तारा माझ्या पोटात जोडत होत्या. माझे भिंग घासणाऱ्या कारागिराचा स्वतःचा चष्मा मात्र दोऱ्याने बांधलेला होता. तो भिंग उजेडात धरायचा, नाही म्हणून मान हलवायचा आणि पुन्हा घासायला बसायचा. अकराव्या दिवशी त्याने मान हलवली नाही. तेव्हा मला कळले, मी तयार झालो.

लाकडी खोक्यातून मी एका टीव्ही केंद्रात आलो. तिथल्या स्टुडिओला एकही खिडकी नव्हती. भिंतींना जाड गाद्या लावलेल्या होत्या. छताखाली लोखंडी नळ्यांचे जाळे होते आणि त्यावर सत्तर दिवे उलटे लटकत होते. आम्ही तीन कॅमेरे होतो. माझ्या पोटावर पांढऱ्या रंगात दोनचा आकडा काढला, आणि मला ज्या माणसाच्या ताब्यात दिले त्यालाही सगळे 'दोन नंबर'च म्हणू लागले. तो सरळमार्गी माणूस होता, म्हणून तर या नावाला जास्तच हसू यायचे. "हा आमचा एकच दोन नंबरचा माणूस, आणि तोच तेवढा प्रामाणिक," असे लोक म्हणायचे.

दोन नंबर तेव्हा शेहेचाळीस वर्षांचा होता. कामाला लागण्यापूर्वी तो माझे भिंग मऊ फडक्याने पुसायचा, चाकांत अडकलेले धागे काढायचा आणि माझी केबल स्वतःच्या हाताने गुंडाळून ठेवायचा. ही केबल मनगटाएवढी जाड होती. दुसऱ्या कोणी हात लावला तर म्हणायचा, "राहू दे. तिला माझ्या हाताची सवय आहे." त्याच्या हाताखाली मी लोण्यावरून सुरी फिरावी तसा फिरत असे. खुद्द बाईंनी एकदा सगळ्यांसमोर म्हटले होते, "दोन हलतो तेव्हा प्रेक्षकाला कळतच नाही की काही हललं."

बाई म्हणजे आमच्या कार्यक्रमाच्या दिग्दर्शिका. कार्यक्रमाचे नाव होते 'थेट हशा'. दर रविवारी संध्याकाळी सात ते आठ. थेट म्हणजे आधी चित्रित करून ठेवलेला नाही. नट समोर जे करतील ते त्याच क्षणी घरोघरी दिसायचे. चूक झाली तर खोडरबर नव्हता. दोनशे प्रेक्षक समोर बसलेले असायचे. बाई वर काचेच्या खोलीत बसून तिन्ही कॅमेऱ्यांची चित्रे बघायच्या आणि कोणाचे चित्र बाहेर जाईल ते ठरवायच्या. त्यांचा आवाज दोन नंबरच्या कानातल्या यंत्रात यायचा. शेजारी उभा असल्यामुळे तो मलाही ऐकू येई.

कार्यक्रमाचा प्राण म्हणजे दोन नट. एक ताडमाड उंच, त्याला लंबू म्हणत. दुसरी इतकी लहानखुरी की तिला चिमणी म्हणत. चिमणी तोंड उघडायच्या आधीच लोक हसायला लागत. तिला बाईचे काम द्या, पुरुषाचे द्या, नाहीतर बंद पडलेल्या पंख्याचे द्या, ती ते करून दाखवायची.

आणि एक होता झुंबर. हा दिवे लावणारा माणूस. तो सतत शिडीवर, छताला लटकलेला असायचा, म्हणून हे नाव पडले. आता पुढचे नीट ऐका, कारण सगळी गोष्ट झुंबरच्या एका दिव्यापाशी येऊन अडते.

त्या रविवारी पावणेसहा वाजता झुंबर शिडीवरून खाली उतरला तो घामाने निथळत. साहेब, म्हणजे केंद्राचे मोठे अधिकारी, नेमके तिथेच उभे होते.

"साहेब, सतरा नंबरच्या दिव्याची पकड गेली आहे. स्क्रूचे आटेच उरले नाहीत. आणि त्याला साखळीही नाही."

"मग?"

"मी दोनदा लिहून दिलंय, साहेब. आज तिसऱ्यांदा सांगतोय. तो दिवा काढू द्या."

"काढला तर न्हाव्याच्या दुकानात अंधार होईल. सगळा सेट तिथेच उभा आहे," साहेब म्हणाले. "तारेनं आवळ आणि आजचा दिवस निभावून ने. पुढच्या आठवड्यात नवीन पकड मागवू."

"साहेब, मला अर्धा तास द्या. दिवा दुसरीकडून..."

"साडेसहाला दारं उघडतात. लोकांसमोर शिडी नकोय मला."

झुंबर पुन्हा वर चढला. त्याने पकडीभोवती तारेचे सहा वेढे दिले. खाली आला तेव्हा त्याचा चेहरा सुतकी झाला होता. त्याची बायको आठ दिवसांची बाळंतीण होती आणि तीन रात्री त्याला झोप नव्हती. त्याने माझ्या खांबाला हात टेकला.

"दादा," तो दोन नंबरला म्हणाला, "तार तापली की सैल पडते. तासभर टिकेल असं वाटतं. पण वाटतं म्हणजे काय, दादा!"

दोन नंबरने वर पाहिले. सतरा नंबरचा दिवा बरोबर न्हाव्याच्या खुर्चीवर होता. त्याचे वजन दहा वर्षांच्या मुलाएवढे असेल.

"तू तिकडे बघ. मी इकडून बघतो," तो म्हणाला. "डोळ्यात तेल घालून बघतो."

साडेसहाला दारे उघडली. दोनशे माणसे आत आली. त्यांत लहान मुलेही होती. स्टुडिओला बाहेर जायला एकच दार होते, तेही अरुंद.  

सात वाजले. संगीत वाजले. पहिली वीस मिनिटे उत्तम गेली. पण माझा लाल दिवा जेव्हा जेव्हा विझे, तेव्हा तेव्हा दोन नंबर माझे तोंड हळूच वर करी आणि सतरा नंबरकडे बघे. तारेचे वेढे जागच्या जागी होते.

सात वाजून बावीस मिनिटांनी न्हाव्याचे दुकान सुरू झाले. लंबू न्हावी झाला होता. चिमणी मिशा लावून गिऱ्हाईक झाली होती. तिच्या गळ्याभोवती पांढरे कापड बांधले होते आणि त्याची टोके खुर्चीच्या पाठीला घट्ट गाठ मारून अडकवली होती, कारण ती उठायला बघते आणि उठता येत नाही, हाच विनोद होता. लंबू खुर्ची गरगर फिरवणार होता, म्हणून खुर्चीला लहान चाके लावली होती. एक नंबरच्या कॅमेऱ्याचा दिवा लागला. माझा विझला. दोन नंबरने माझे तोंड वर केले.

वेढे चारच राहिले होते.

मी बघत असतानाच आणखी एक सुटला आणि दिवा बोटभर खाली आला.

"बाई, सतरा नंबर..." दोन नंबर तोंडापुढच्या माइकमध्ये कुजबुजला.

"दोन, गप्प!" वरून आवाज आला. "एक बाहेर आहे. पुढची तीन मिनिटं कोणी बोलायचं नाही."

मित्रांनो, त्या क्षणी त्या माणसाच्या मनात काय आले असेल ते मी अनेकदा जुळवून पाहिले आहे. ओरडावे, तर दोनशे माणसे एका अरुंद दारावर धावणार. चिमणीला उठ म्हणावे, तर ती बांधलेली. स्वतः धावावे, तर माणसाच्या धक्क्याने खुर्ची पुरेशी दूर जाईल की नाही कोण जाणे.  त्याने कानातले यंत्र काढून टाकले. दोन्ही पाय रोवले. आणि त्याने मला ढकलले.

मी आयुष्यात इतक्या जोरात कधी धावलो नव्हतो. माझी केबल फरशीवर फटकारत मागे येत होती. आठ पावलांचे अंतर होते. मी नेपथ्यातली कुंडी उडवली, लंबूच्या कोपराला घासून गेलो आणि थेट खुर्चीवर आदळलो. चिमणी किंचाळली. खुर्ची चाकांवरून भिरभिरत रंगमंचाच्या पार दुसऱ्या टोकाला गेली आणि तिच्या जागी मी उभा राहिलो.

मग वरून तो दिवा माझ्या डोक्यावर आला.

काच फुटली. माझा लाल दिवा चिरडला. दोन नंबरच्या दंडातून रक्त निघाले, पण त्याने माझा दांडा सोडला नाही. सोडला असता तर मी प्रेक्षकांच्या पहिल्या रांगेवर कोसळलो असतो.

 एक नंबरच्या कॅमेऱ्यातून हे सारे घरोघरी दिसत होते. कोणाला काय करावे सुचेना. तेवढ्यात त्या टोकाहून, कापडात गुरफटलेली चिमणी जाड्या आवाजात ओरडली, "अहो, दाढी करायला बसलो होतो, गाव फिरायला नाही!"

आणि लंबू वस्तरा उंचावून म्हणाला, "नवीन सोय आहे साहेब! वस्तरा बघून गिऱ्हाईक पळायच्या आधी आम्ही खुर्चीच पळवतो!"

दोनशे माणसे हसली. असा हशा मी पुन्हा ऐकला नाही. कार्यक्रम पुढे आठ वाजेपर्यंत चालला, एक आणि तीन नंबरच्या कॅमेऱ्यांवर. तोवर दोन नंबर मला धरून तिथेच, अंधारात, उभा होता.

आठ वाजता प्रेक्षक गेले आणि साहेब खाली आले. झुंबर कोपऱ्यात पांढराफटक पडला होता. साहेबांनी आधी वर पाहिले, मग झुंबरकडे, मग फुटलेल्या काचेकडे. त्यांच्या तोंडचे पाणी पळाले होते. दोनदा लिहून दिलेला कागद त्यांच्याच टेबलावर पडून होता हे त्यांना माहीत होते. पण चौकशी झाली असती तर खापर कोणाच्या डोक्यावर फुटले असते? दिवा ज्याने टांगला त्याच्या. तार त्याच्याच हातची होती.

"काय झालं?" साहेबांनी विचारले.

झुंबरने तोंड उघडले. त्याच्याआधी दोन नंबर बोलला.

"माझा पाय केबलमध्ये अडकला, साहेब. तोल गेला. कॅमेरा सेटवर गेला आणि त्या धक्क्यानं दिवा पडला."

माझ्या केबलला त्याचा पाय कधी अडकला नव्हता. एकदाही नाही. मी ओरडून सांगितले असते, पण मला देवाने डोळा दिला, तोंड दिले नाही.

साहेबांच्या चेहऱ्यावर सुटकेचा भाव आला. "लेखी द्याल?"

"देतो."

ते गेल्यावर झुंबर जवळ आला.  "दादा, तुम्ही असं का..."

"घरी जा," दोन नंबर म्हणाला. "बाळाला बघ."

त्याच आठवड्यात सत्तरही दिव्यांना गुपचूप नव्या पकडी आणि साखळ्या लागल्या. आणि दोन नंबरची बदली बातम्यांच्या खोलीत झाली. तिथे कॅमेरा एकाच जागी खिळवलेला असतो. तो कधी हलवावा लागत नाही. निवृत्त होईपर्यंत त्याने तेच काम केले.

माझी डागडुजी झाली, पण पूर्वीची सफाई राहिली नाही. नवा माणूस मला ढकलताना खेकसायचा. पुढे एक नंबरला काही बिघाड झाला की माझ्यातला एक भाग काढून त्याला लावत. मग तीन नंबरलाही लावू लागले. असे करता करता माझे पोट रिकामे झाले, आणि एके दिवशी मला गोदामात नेऊन भिंतीकडे तोंड करून उभे केले. भिंगावर झाकण घालायचेही कोणाच्या लक्षात आले नाही. कोळ्याने माझ्या डोळ्यावर जाळे विणले. त्याच्या चार पिढ्या मी पाहिल्या.

या काळात बाहेर एक गोष्ट प्रसिद्ध होत गेली. चिमणी मोठी नटी झाली. जिथे जाई तिथे लोक तिला तो खुर्चीचा किस्सा सांगायला लावत, आणि तीही रंगवून सांगे: "आमचा एक कॅमेरावाला होता, दोन नंबर. स्वतःच्या सावलीला ठेचकाळायचा! त्या दिवशी तर माझ्या टाळक्यावर दिवाच पाडणार होता बाबा!" हे मला पुढे कळले. लोक पोट धरधरून हसत. दोन नंबरने कधी अवाक्षर काढले नाही. झुंबरनेही मिठाची गुळणी धरली होती.

तीस वर्षे गेली. मग एक दिवस गोदामाचे दार उघडले आणि एक तरुण बाई आत आली. ती सिनेमाची दिग्दर्शिका होती. 'थेट हशा' कसा तयार व्हायचा यावर ती सिनेमा काढत होती. तिने माझ्या पोटावरच्या दोनच्या आकड्यावरची धूळ बोटाने पुसली आणि आनंदाने टाळी वाजवली. "हाच तो! हाच खुर्चीवर गेला होता!"

मला धुतले, रंगवले, चाकांना तेल दिले. एका मोठ्या सभागृहात त्यांनी आमचा स्टुडिओ जसाच्या तसा उभा केला होता. खोटा साहेब, खोटी बाई, खोटी चिमणी आणि खोटा दोन नंबर. खरा फक्त मी, आणि माझे पोट रिकामे.

खुर्चीच्या प्रसंगाच्या दिवशी तिने जुन्या माणसांनाही बोलावले होते. चिमणी आता साठीची झाली होती. तिच्याभोवती सगळे गोळा झाले. दोन नंबर शहात्तर वर्षांचा, एका गुडघ्याने अधू. तो हळूच माझ्याजवळ आला आणि त्याने खिशातून फडके काढून माझे भिंग पुसले. त्याचे काम होते, तरुण नटाला अडखळायला शिकवणे. दिव्यांची माहिती सांगायला झुंबरलाही बोलावले होते. केस पांढरे झालेला झुंबर मागच्या बाकावर, मांडीवर एक कापडी पिशवी घेऊन बसला होता.

सभागृह सहा वाजेपर्यंतच मिळाले होते. दीडशे माणसे प्रेक्षक म्हणून आणून बसवली होती. वरून पडायला थर्माकोलचे तीन खोटे दिवे केले होते. चार वाजता तालीम सुरू झाली.

"केबल इथे अडकते," दोन नंबर नटाला समजावत होता. "डावा पाय. उजवा नको, उजवा अडकला तर माणूस मागे पडतो. डावा अडकला की अंग पुढे जातं."

जे कधी घडलेच नाही ते तो किती बारकाईने शिकवत होता! नट अडखळला, धडपडला, माझ्या अंगावर पडला. दीडशे माणसे हसली. चिमणीही डोळे पुसत हसली. "अगदी असाच! अगदी असाच!"

"पुन्हा," दिग्दर्शिका म्हणाली. नट पुन्हा पडला. पुन्हा हशा. दोन नंबरही हसत होता, पण त्याचा हात माझ्या दांड्यावर घट्ट आवळलेला होता.

"छान. आता चित्रीकरण," ती म्हणाली.

"थांबवा!"

सगळ्यांनी मागे वळून पाहिले. झुंबर उभा राहिला होता. 

"थांबवा हे. असं नव्हतं झालं."

"झुंबर, बस खाली," दोन नंबर पटकन म्हणाला.

"नाही दादा. तीस वर्षं बसलोच होतो." तो पुढे आला. त्याने पिशवीतून एक गंजलेली लोखंडी पकड काढून टेबलावर ठेवली. "ही सतरा नंबरची पकड. त्याच रात्री उचलून ठेवली होती. हा स्क्रू बघा. आटे आहेत का याला? हा दिवा धक्क्यानं पडला नाही. तो पडणारच होता. मी साहेबांना सांगितलं होतं, पण शेवटी तारेनं बांधला मीच. यांनी तो सुटताना पाहिला. पाय-बिय काही अडकला नाही यांचा. यांनी मुद्दाम कॅमेरा घातला."

 चिमणीचे हसू तोंडावर तसेच राहिले होते, नुसते विझले होते. ती उठली आणि दोन नंबरसमोर जाऊन उभी राहिली. ती त्याच्या खांद्यालाही लागत नव्हती.

"खरं का हे?"

"जाऊ द्या हो, चिमणाबाई. किती जुनी गोष्ट."

"मी काय विचारतेय? खरं का?"

दोन नंबरने खाली पाहिले. "दिवा बोटभर खाली आला होता," तो म्हणाला. "तुम्हाला बांधलं होतं."

चिमणी खुर्चीचा हात धरून मटकन खाली बसली. 

"गावोगाव," ती म्हणाली, "गावोगाव मी तुमची टिंगल करून टाळ्या घेतल्या. एकदा तरी सांगायचं होतंत!"

"लोक हसायचे. तुमचा कार्यक्रम रंगायचा. आणि याची नोकरी होती. घरात तान्हं बाळ होतं."

"आणि तुमची नोकरी?"

तो पुन्हा माझे भिंग पुसू लागला. बातम्यांच्या खोलीतला तो खिळवलेला कॅमेरा मला आठवला.

झुंबर त्याच्या पायाशी वाकायला लागला, तसे दोन नंबरने त्याला दंडाला धरून उभे केले. "काय रे हे. बाळ कसं आहे ते सांग."

"बाळ तीस वर्षांचं झालं, दादा," झुंबर म्हणाला, आणि रडता रडता त्याला हसू फुटले.

साडेचार वाजून गेले होते. दिग्दर्शिका हातातले कागद चाळत उभी होती. तिचा मदतनीस हळूच म्हणाला, "मॅडम, हा आपल्या सिनेमातला सगळ्यात मोठा हशा आहे. तो गेला तर काय राहिलं?"

"हशा तर तेव्हाही झालाच होता ना?" ती म्हणाली. "मग तो राहू दे. पण आधी दोन नंबरला वर बघू दे." तिने कागदावर दोन ओळी खोडल्या आणि एक लिहिली.

आता नटाला अडखळायचे नव्हते, मला खरोखर ढकलायचे होते. आणि ते त्याला जमेना. पहिल्या वेळी मी तीन पावलांत वाकडा झालो आणि भिंतीला टेकलो. थर्माकोलचा एक दिवा मोकळ्या फरशीवर पडून फुटला. दुसऱ्या वेळी मी उशिरा पोहोचलो. दिवा खोट्या चिमणीच्या मांडीत पडला. थर्माकोलचाच होता, तरी तिथे उभ्या असलेल्या साऱ्यांच्या काळजाचे पाणी झाले. खरी चिमणी तर दोन्ही हातांनी तोंड झाकून बसली.

पावणेसहा वाजले. दिवा एकच उरला होता.

"मी बघू का?" दोन नंबर म्हणाला.

"काका, तुमचा गुडघा..." दिग्दर्शिका म्हणाली.

"आठ पावलं आहेत, बाळ. आठ पावलं जाईल तो."

"चेहरा दिसणार नाही, पाठीमागून घेतलं तर चालेल," मदतनीस घड्याळाकडे बघत म्हणाला.

"मग खुर्चीतही मीच बसते," चिमणी उठली. "माझीही पाठच दिसू दे. आणा ते कापड. आणि गाठ खरी मारा."

नटाचा सदरा दोन नंबरच्या अंगात चढवला. त्याने माझा दांडा धरला, अंदाज घ्यायला मला जरासा ढकलला आणि तो दचकला. माझे वजन त्याच्या हाताला कमी लागले होते. त्याने माझ्या पत्र्यावर टकटक केले. पोकळ आवाज आला.

"हलका झालास रे," तो अगदी हळू म्हणाला. "काय केलं तुझं यांनी."

मग त्याने पाय रोवले.  झुंबर छताखाली दिव्याची दोरी धरून उभा होता. ती सोडायचे काम त्याने मागून घेतले होते. दोन नंबरने माझे तोंड वर केले. दिवा बोटभर खाली आला.

आठ पावले. चौथ्या पावलाला त्याच्या गुडघ्यातून कळ गेली. मला दांड्यातून ती जाणवली, आणि मी जरासा डावीकडे गेलो. त्याने दात खाऊन मला सरळ केले. पाच. सहा. सात. मी खुर्चीवर आदळलो, चिमणी भिरभिरत गेली, आणि दिवा माझ्या डोक्यावर येऊन आपटला.

हशा आला नाही. दीडशे माणसे उठून उभी राहिली होती. त्यांना हसायचे काम दिलेले होते आणि ती ते विसरली. दिग्दर्शिकेलाही थांबा म्हणायचे सुचले नाही. शेवटी पलीकडून चिमणी घोगऱ्या आवाजात म्हणाली, "अहो, कोणीतरी गाठ सोडा. मला त्या माणसाजवळ जायचंय."

हे तिचे वाक्य सिनेमात ठेवले आहे.

सिनेमा लागला तेव्हा मला कोणी थिएटरात नेले नाही, पण ऐकले की त्या प्रसंगाला लोक आधी गप्प होतात आणि मग हसतात. झुंबरने टीव्ही केंद्रात जाऊन सगळी हकिकत लेखी दिली. साहेब आता हयात नव्हते. नव्या अधिकाऱ्याने दोन नंबरच्या जुन्या लेखी कबुलीला तो कागद जोडला आणि त्याची एक प्रत दोन नंबरच्या घरी पाठवली. त्याने ती बायकोला वाचून दाखवली. ती म्हणाली, "मला काय सांगता? तुमचा पाय कशात अडकत नाही हे मला लग्नापासून माहीत आहे."

आणि चिमणी आता तो किस्सा वेगळा सांगते. एकदा तिने दोन नंबरला पहिल्या रांगेत बसवून सांगितला. सगळे नाट्यगृह उभे राहून टाळ्या वाजवू लागले, तर दोन नंबर मागे वळून बघू लागला, एवढ्या टाळ्या कोणाला पडताहेत म्हणून.

मी आता टीव्ही केंद्राच्या दारातल्या दालनात उभा आहे. शाळेची मुले येतात, माझ्या काचेला डोळा लावतात. आत अंधार दिसला की म्हणतात, "बंदच आहे," आणि पुढे जातात. मला राग येत नाही.

मित्रांनो, एवढेच मागणे आहे. वस्तू जुनी झाली म्हणून तिचे एकेक अंग काढून तिला भिंतीकडे तोंड करून उभे करू नका. कोणी घाईच्या वेळी येऊन म्हणाले की इथला स्क्रू ढिला आहे, तर त्याचे त्याच वेळी ऐका. त्याला तिसऱ्यांदा सांगायला लावू नका. आणि कोणाच्या धडपडीवर सगळे हसत असतील, तर हसण्याआधी क्षणभर थांबून विचारा, तो कुठे धावत होता. मला तोंड नाही, म्हणून मी गप्प राहिलो. माणसांना तोंड असते, तरी पुष्कळ माणसे गप्प राहतात. असे एखादे माणूस तुमच्या घरात, तुमच्या गल्लीतही असेल. त्याच्या शेजारी जाऊन बसा, आणि त्याला बोलायची घाई करू नका.